कमी दाबाने होणारा भाषापुरवठा

अमेरिकेतील विद्यापीठांनी जगातील भाषांची एक सोयीची वाटणी फार पूर्वीच करून टाकली आहे. इंग्रजी तर घरचीच. तिच्याखेरीज स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन या तीन भाषा वर्गात शिकवण्याच्या आणि पृथ्वीच्या पाठीवर उरलेल्या सुमारे सात हजार भाषा ‘कमी शिकवल्या जाणाऱ्या भाषा’ या एकाच सदरात घालण्याच्या, असा तिथला शिरस्ता असून, या सदराची काळजी वाहण्यासाठी १९९० पासून एक राष्ट्रीय परिषदही तिथे कार्यरत आहे. या सदरात चिनी आहे, अरबी आहे, हिंदी आहे आणि २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांवर लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली मराठीही आहे. मानवजातीचा बहुतांश भाग आयुष्यभर जे बोलतो ते एका देशातल्या वर्गखोल्यांच्या हिशेबी ‘कमी’ ठरते. मात्र मराठी वाचकाने त्यात अपमान मानण्याचे कारण नाही, कारण त्याच बाकावर शेजारी अख्खा चीन बसलेला आहे. या सदराला एक तळघरही आहे. तिथे राहणाऱ्या भाषा अमेरिकेत शिकवल्या जात नाहीत यात नवल नाही. नवल हे की त्या स्वतःच्या घरातही शिकवल्या जात नाहीत. संगणक, मोबाइल आणि अलीकडे त्या दोहोंत शिरलेली कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी या तळघरातील भाषांना वर काढण्याचा जो विडा उचलला आहे, त्याचे निरीक्षण करण्यास ठाणे जिल्ह्यातील बारवी धरणाचा परिसर अत्यंत सोयीचा आहे.

बारवी ही उल्हास नदीची उपनदी असून तिच्यावरील धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधले, आणि पुढे कारखान्यांची व माणसांची तहान वाढत गेली तशी त्याची उंचीही टप्प्याटप्प्याने वाढवली. पाण्याची पातळी ७२.६० मीटरवर पोहोचली की धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात; त्यासाठी कोणाचीही सही, शिक्का वा जावक क्रमांक लागत नाही, ही बाब सार्वजनिक बांधकामांच्या इतिहासात विशेष नोंद घेण्याजोगी आहे. धरणाच्या पाणलोटात, म्हणजे ज्या डोंगरउतारांवरचे पावसाचे पाणी जलाशयात उतरते त्या मुरबाडच्या बाजूच्या भागात, कातकरी आणि ठाकर समाजाचे पाडे आहेत. हेच पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघून जलवाहिन्यांच्या खालच्या टोकाला उल्हासनगरात पोहोचते, तेव्हा ते सिंधी कुटुंबांच्या माठात पडते. कातकरी बोलीला स्वतःची लिपी नाही. सिंधीला लिप्या इतक्या आहेत की त्यांतली कोणती वापरावी या वादात तीन पिढ्यांचे शिक्षण पार पडले. एकाच नदीच्या पाण्यावर भाषिक दारिद्र्याचे आणि भाषिक श्रीमंतीचे असे दोन नमुने पोसले जावेत आणि दोन्हीकडची नातवंडे सारख्याच सहजतेने आजीशी दुसऱ्याच भाषेत बोलावीत, हा योगायोग अभ्यासकाला फुकट मिळालेला आहे.

या पट्ट्यातील नागरिकांना ‘उद्या कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ ही सूचना तोंडपाठ असते. धरण काठोकाठ भरलेले असते, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्रही आलेले असते, तरी तिसऱ्या मजल्यावरचा नळ नुसता फुरफुरतो. कारण साठा असणे आणि दाब असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भाषांचेही तसेच आहे. सिंधी बोलू शकणारी माणसे उल्हासनगरात मुबलक आहेत; ती घराघरांत खुर्चीवर बसून चहाची वाट पाहत आहेत. कमतरता आहे ती ही भाषा वरच्या मजल्यावर चढवणाऱ्या दाबाची. तंत्रज्ञ मात्र हे दुखणे पाइपाचे आहे असे धरून चालतात, आणि म्हणून दर दोन-चार वर्षांनी अधिक चकचकीत असा नवा पाइप टाकून देतात.

उल्हासनगरची उत्पत्ती वाचकांना ठाऊक असेलच. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बांधलेल्या छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखभर निर्वासित वसवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावणीचे कॅम्प १ ते ५ हे भाग आजही पत्त्यात कायम आहेत. ज्यांचा प्रदेशच नकाशाच्या दुसऱ्या बाजूला राहिला अशा या लोकांनी बराकीत दुकान थाटले, दुकानामागे कारखाना उभा केला, आणि मालावर ‘मेड इन यूएसए’ असे छापून त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असल्याचे सांगितले, ही दंतकथा आता इतकी मुरली आहे की ती खरी की खोटी हे तपासण्यात कोणालाच रस उरलेला नाही. परक्या मुलखात पाय रोवण्याची ही विद्या ज्यांच्या अंगी होती, त्यांनी भाषेबाबत मात्र व्यापाऱ्याचा रोकडा हिशेब लावला. गिऱ्हाईक हिंदी बोलते, कचेरी मराठी बोलते आणि मुलाची नोकरी इंग्रजी बोलणार आहे. तेव्हा सिंधीत भांडवल घालून परतावा काय, हा प्रश्न पहिल्या पिढीने मनात विचारला, दुसऱ्या पिढीने मोठ्याने विचारला, आणि तिसऱ्या पिढीने तो हिंदीत विचारला.

सिंधीच्या लिपीचा इतिहास हा या विषयाचा सर्वांत चविष्ट भाग असल्यामुळे तिथे थोडे रेंगाळणे क्षम्य ठरावे. इंग्रजांनी सिंध घेतल्यावर या भाषेला कोणती लिपी द्यावी यावर त्यांच्या अधिकाऱ्यांत कडाक्याचे मतभेद झाले. कॅप्टन जॉर्ज स्टॅक याने देवनागरीचा पुरस्कार करून आपले व्याकरण व कोश त्याच लिपीत छापले. पुढे जगप्रसिद्ध प्रवासी म्हणून गाजलेल्या रिचर्ड बर्टनने अरबी वळणाची लिपी उचलून धरली. आणि १८५३ साली आयुक्त बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत ५२ अक्षरांची अरबी-सिंधी वर्णमाला मुक्रर झाली. व्यापाऱ्यांना या भांडणाशी काहीच देणेघेणे नव्हते, कारण त्यांच्या चोपड्या खुदाबादी नावाच्या तिसऱ्याच लिपीत चालत. घाईत लिहिलेल्या या लिपीत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात. अशा बिनस्वरी व्यापारी लिप्यांबद्दल उत्तर भारतात एक जुना विनोद सांगतात तो असा, की काकाजी अजमेरला गेल्याचे पत्र घरी ‘काकाजी आज मेले’ असे वाचले गेले आणि काकाजी परत येईपर्यंत तेराव्याची तयारी झाली होती. या लिपीला स्वरचिन्हांची शिस्त लावून ती शाळेत आणण्याचे काम १८६० च्या दशकात सिंधच्या शिक्षण खात्यातील ज्या अधिकाऱ्याने केले त्याचे नाव नारायण जगन्नाथ वैद्य असे होते, हे वाचून मराठी वाचकाची मान किंचित ताठ होईल. कराचीतील एक जुनी शाळा आजही त्याच नावाने उभी आहे. फाळणीनंतर भारतात अरबी विरुद्ध देवनागरी हा सामना नव्याने सुरू झाला. एका पक्षाचे म्हणणे, लिपी सोडली की साहित्य सुटले. दुसऱ्याचे म्हणणे, लिपी धरली की मुले सुटली. अखेर दोन्ही लिप्यांना मान्यता देऊन शासनाने वाद मिटवला, म्हणजे कायमचा केला. दोन्ही पक्षांचे भाकीत यथावकाश खरे ठरले.

या सगळ्यात तंत्रज्ञान उतरले ते अत्यंत उदार अंतःकरणाने. युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारी व्यवस्था. हा क्रमांक मिळाला की ते अक्षर कोणत्याही संगणकावर तेच अक्षर म्हणून ओळखले जाते, आणि न मिळाल्यास त्याच्या जागी एक रिकामी चौकट उभी राहते. अरबी-सिंधी या व्यवस्थेत पूर्वीपासून होती. २००६ साली सिंधीच्या खास उच्चारांसाठी ॻ, ॼ, ॾ आणि ॿ ही चार देवनागरी अक्षरे तीत दाखल झाली. २०१४ साली खुदाबादी लिपीलाही तिचा स्वतंत्र कप्पा मिळाला. काकाजींच्या मृत्यूची खोटी वार्ता आता जगातील कोणत्याही संगणकावरून बिनचूक अक्षरांत पाठवता येते. एका भाषेला तीन-तीन लिप्यांची सोय उपलब्ध झाली, आणि ज्या मुलासाठी ही सोय करायची तो मुलगा तोवर आपल्या मित्रांना रोमन अक्षरांत हिंदी लिहू लागला होता.

यंत्रानुवादाची कथा याहून गमतीची आहे. गूगलच्या अनुवादसेवेत २०१६ साली सिंधीचा समावेश झाला, तेव्हा उल्हासनगरच्या कुठल्याही आजोबांना आनंद व्हायला हरकत नव्हती. परंतु असे यंत्र भाषा शिकते ती माणसांकडून नव्हे, तर लेखनसंग्रहातून, म्हणजे त्या भाषेत आधीच लिहून ठेवलेल्या मजकुराच्या ढिगातून. सिंधीचा मोठा ढीग आहे तो पाकिस्तानात, जिथे तीन कोटींच्या वर लोक ती बोलतात, जिथे ती शाळेत शिकवली जाते, जिथे तिची दैनिके निघतात, आणि जिथे अब्दुल माजिद भुर्गरी यांच्यासारख्या माणसाने १९८० च्या दशकापासून तिला संगणकावर आणण्यासाठी आयुष्य वेचले. साहजिकच यंत्राने अरबी-सिंधी लिपी आणि तिकडचा शब्दसंग्रह उचलला. परिणामी कॅम्प ४ मधील नातवाने आजीसाठी एखादे प्रेमळ वाक्य इंग्रजीतून सिंधीत करून घेतले, तर पडद्यावर जे उमटते ते नातवाला वाचता येत नाही, आणि आजीला लिपी येत असली तरी चष्मा सापडत नाही. चेन्नईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२३ साली सिद्ध केलेल्या अनुवादप्रणालीत सिंधीची देवनागरी आणि अरबी ही दोन्ही रूपे स्वतंत्रपणे आहेत, हे या बाबतीत मोठेच पाऊल मानले पाहिजे. ज्या वादावर साहित्यसंमेलनात खुर्च्या सरकल्या तो वाद यंत्राने एक शब्दही न बोलता, एका यादीत दोन ओळी वाढवून, सोडवून टाकला.

लिपीचा प्रश्न सुटला तरी उच्चाराचा शिल्लक राहतोच. वर उल्लेखिलेली चार अक्षरे ज्या ध्वनींसाठी आहेत ते अंतःस्फोटी ध्वनी होत, म्हणजे ज्यांच्या उच्चारात हवा बाहेर फेकण्याऐवजी घशाशी किंचित आत ओढली जाते. मराठी माणसाला ‘ग’, ‘ज’, ‘ड’ आणि ‘ब’ यांचे हे आतल्या बाजूचे भाऊबंद ऐकू येत नाहीत, आणि हिंदीत वाढलेल्या सिंधी मुलालाही येत नाहीत. त्याची आजी मुळात ‘ॾाॾी’ असून तो तिला जन्मभर ‘दादी’ म्हणतो, आणि तीही मायेपोटी ओ देते. दूरस्थ वर्गात हा ध्वनी शिकवण्याचे दृश्य चिंतनीय असते. शिक्षिका पडद्यावर गाल आत ओढून ध्वनी काढते, विद्यार्थ्याकडचा इंटरनेटचा जोड नेमका त्याच क्षणी अडखळतो, चेहरा गाल आत ओढलेल्या अवस्थेत थिजतो, आणि विद्यार्थी हेच उच्चाराचे अंतिम स्थान समजून वहीत त्याचे चित्र काढून ठेवतो. या ध्वनींतला भेद केवळ शोभेचा नाही. सिंधीत ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझे; उच्चार चुकला तर घरी मूल आले याऐवजी घरी ओझे आले असे ऐकू येते, आणि दहावीच्या वर्षातील पालकांच्या बाबतीत ही चूक दुरुस्त करावी की नाही याबद्दल शिक्षकांत दुमत संभवते.

भाषा शिकवणाऱ्या मोबाइल ॲपचे मानसशास्त्रही नोंदवण्यासारखे आहे. अशा ॲपमध्ये रोज पाच मिनिटे अभ्यास केला की अखंड दिवसांची साखळी वाढत जाते, आणि एक दिवस चुकला की ती तुटते. त्यामुळे शिकणारा हळूहळू भाषेऐवजी साखळी शिकतो. या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध ॲप असलेल्या ड्युओलिंगोवर ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील परग्रहवासी योद्ध्यांची क्लिंगॉन ही भाषा शिकता येते, आणि एका दूरचित्रवाणी मालिकेतील ड्रॅगनना हुकूम देण्याची हाय व्हॅलेरियनही शिकता येते. सिंधी शिकता येत नाही. याचा अर्थ अमेरिकी कंपनी पक्षपाती आहे असा नव्हे. क्लिंगॉन शिकण्यास उत्सुक तरुण तिला सापडले आणि सिंधी शिकण्यास उत्सुक तरुण सापडले नाहीत, इतकाच याचा अर्थ आहे, आणि तो अधिक बोचरा आहे. जिला बोलणारी आजी पृथ्वीवर कुठेच नाही अशा भाषेला विद्यार्थी मिळतात, कारण ती शिकल्यावर कोणी उच्चार सुधारत नाही, कोणी लग्नाचे विचारत नाही, आणि इतकी वर्षे का शिकला नाहीस असा टोमणाही मारत नाही.

राज्यसंस्थेने सिंधीची उपेक्षा केली असे म्हणता येणार नाही. तिने सिंधीला सन्मानाने वागवले, आणि सन्मान हा दाबाचा पर्याय ठरत नाही एवढेच. १९६७ सालच्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधी आठव्या अनुसूचीत आली. तो दिवस १० एप्रिलचा असल्याने दरवर्षी त्या तारखेला सिंधी भाषा दिन साजरा होतो, आणि त्या दिवशी सिंधीच्या भवितव्यावर हिंदीत आणि इंग्रजीत उत्तम भाषणे होतात. केंद्राने १९९४ साली राष्ट्रीय सिंधी भाषा विकास परिषद स्थापन केली. बालभारती सिंधीची पाठ्यपुस्तके काढते आणि ती घरबसल्या मोबाइलवर उतरवून घेता येतात. भारतीय चलनी नोटेच्या मागच्या बाजूस पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते, त्यांत मात्र सिंधी नाही. ज्या समाजाने व्यापारात नाव काढले त्याची भाषा नेमकी नोटेवर नसावी, याला दैवाची विनोदबुद्धी याखेरीज दुसरे नाव नाही. दूरदर्शनने चोवीस तासांची सिंधी वाहिनी सुरू करावी या मागणीची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ साली फेटाळली गेली. २०११ च्या जनगणनेत सिंधी भाषकांची संख्या २७ लाख ७२ हजार आहे, आणि तीतही सुमारे दहा लाख कच्छी भाषक मिळवलेले आहेत. कच्छी लोकांना हे विचारून केले असावे असे वाटत नाही, पण जनगणनेत शेजाऱ्यांना एका घरात धरण्याची पद्धत जुनीच आहे.

आता जलवाहिनीच्या वरच्या टोकाकडे वळले पाहिजे, जिथे प्रश्नाचे स्वरूप अगदी उलटे आहे. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक असून (इतर दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड) खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा तिचा पूर्वापार व्यवसाय जंगल कायद्यांबरोबर संपला. पावसाळा सरला की यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलेही बरोबर जातात. त्यामुळे शाळेच्या हजेरीपटावर मूल असते, आणि मुलाच्या गावी शाळा नसते. कातकरी बोली मराठीच्या जवळची असली तरी इतकीही जवळची नाही की पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही घरचीच भाषा वाटावी. म्हणजे या मुलाच्या दृष्टीने कमी शिकवली जाणारी भाषा त्याची स्वतःची, आणि परकी भाषा मराठी. पण अनुदान, योजना आणि कार्यशाळा यांच्या कागदोपत्री तो मराठी भाषकच असतो.

अशा बोलींना यंत्रापुढे उभे करण्याचा पहिला मोठा उद्योग जॉर्ज ग्रिअर्सनचा. १८९४ ते १९२८ या काळात चाललेल्या त्याच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात, ज्याचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला, प्रत्येक भाषेचा व बोलीचा नमुना घेण्यासाठी सर्वांना एकच गोष्ट भाषांतरित करण्यास सांगितले जाई, आणि ती होती बायबलातील उधळ्या पुत्राची. बाप वाटणी करून देतो, धाकटा मुलगा परदेशी जाऊन ती उधळतो, डुकरे राखण्याची पाळी येते, मग तो घरी परततो आणि बाप मेजवानी देतो. भारतीय भावना दुखावू नयेत म्हणून कथेत किंचित फेरफारही केले होते. जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांनी ही कथा घेऊन पाड्यापाड्यांवर माणसे शोधली. ज्याला वाटणी करायला जमीनच नव्हती अशा एखाद्या बापमाणसाला, आपली इस्टेट उधळणाऱ्या मुलाबद्दल सरकार आपल्यालाच का विचारते आहे, असा प्रश्न पडला असल्यास सर्वेक्षणात त्याची नोंद नाही. १९१३ ते १९२९ या काळात याच सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनच्या तबकड्याही भरल्या गेल्या आणि त्यांतूनही तोच मुलगा निरनिराळ्या भाषांत घरी परतला. या तबकड्या आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात.

शंभर वर्षांनी तंत्रज्ञान कितीतरी पुढे गेले. २०२३ साली मेटा कंपनीने अकराशेहून अधिक भाषांतील बोलणे ओळखणारी यंत्रणा जाहीर केली, आणि इतक्या लहानलहान भाषांचे ध्वनिमुद्रण आणले कोठून असे पाहू जाता असे निष्पन्न झाले की ते प्रामुख्याने बायबलच्या नव्या कराराच्या वाचनाचे आहे, कारण जगातील सर्वाधिक भाषांत मोठ्याने वाचून ठेवलेला मजकूर तोच. उधळ्या पुत्राची कथा त्याच ग्रंथात असल्याने ग्रिअर्सनच्या कारकुनांनी डोंगरांत हिंडवलेला तो तरुण आता विदागारात येऊन दाखल झाला आहे. यात यंत्राचा दोष नाही. पण अशा अभ्यासक्रमातून निघालेले यंत्र एखाद्या भाषेत पश्चात्ताप करू शकेल, क्षमा मागू शकेल आणि वासरू कापण्याची आज्ञा देऊ शकेल, तरी ओढ्यातल्या खेकड्याला बिळातून बाहेर कसे काढायचे, किंवा भट्टीवरच्या मुकादमाने विटा मोजताना कुठे हात मारला, याबद्दल त्याच्याशी बोलणे अवघड जाईल. भारत सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली आणलेल्या ‘आदिवाणी’ या अनुवाद ॲपने सुरुवातीला संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषा घेतल्या, आणि पुढच्या टप्प्यासाठी कुई व गारो ठरवल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून माणसांच्या तोंडच्या साध्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या आहेत, आणि त्या ऐकताना प्रथमच असे वाटते की बोलणाऱ्याला मध्येच खोकला आला तरी चालणार आहे.

पाड्यावरच्या शाळेत टॅबलेट पोहोचतो, तेव्हा काय घडते याचे वर्णन वृत्तपत्रांतून नेहमी उद्घाटनाच्या दिवसापर्यंतच येते. पुढचा इतिहास साधारण असा असतो: यंत्रातील धडा प्रमाण मराठीत पेंग्विन या पक्ष्याची ओळख करून देतो, विजेची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही, आणि यंत्र चोरीला जाऊ नये म्हणून ते इतक्या सुरक्षित कपाटात ठेवले जाते की मुलांनाही त्याची झळ लागत नाही. मग वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी त्याला चार्ज केले जाते. याच मुलांच्या आईबापांकडे जुना मोबाइल असतोच, त्यावर ती मुले कोणाच्याही शिकवण्याविना हिंदी चित्रपटांतील संवाद, आगरी लग्नांतील गाणी आणि तमीळ मारामाऱ्या अवगत करून घेतात. भाषा शिकवण्याचे हे यश कोणत्याही योजनेच्या नावे जमा नाही.

इथवर वाचून ज्या मराठी वाचकाला सिंधी आजीची किंवा कातकरी मुलाची कीव आली असेल, त्याने ती थोडी स्वतःसाठी राखून ठेवावी. मराठी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात ठरली, पण त्याआधी २०२० साली महाराष्ट्रातल्याच शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे करणारा कायदा करावा लागला होता. बदलापूर आणि अंबरनाथच्या नव्या गृहसंकुलांत मराठी आईबाप आपल्या मुलाला लिफ्टमध्ये इंग्रजीतून रागावतात, कारण मराठीतून रागावले तर शेजाऱ्यांना कळते. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा रविवारी भरतात, तिथे मूल ‘मला येते आहे मराठी’ असे सांगते आणि पालक डोळे पुसतात.

या सर्व प्रकरणात ज्या एका साधनाने खरोखर काम केले ते कोणत्याही भाषातज्ज्ञाने, मंत्रालयाने किंवा भाषाप्रेमी संस्थेने योजलेले नव्हते. व्हॉट्सॲपवर बोटाने बटण दाबून धरले की आवाज मुद्रित होऊन पुढे जातो, ही सुविधा टंकलेखनाचा कंटाळा असलेल्यांसाठी काढली गेली, आणि तिने लिपीचा पावणेदोनशे वर्षांचा वाद एका अंगठ्याखाली दाबून टाकला. आवाजाला अरबी वळण नसते, देवनागरीचा काना नसतो, आणि युनिकोडचा क्रमांकही लागत नाही. ॿ हे अक्षर कळफलकावर कुठे आहे याचा शोध न घेता ते तोंडातून बिनचूक बाहेर पडते. उल्हासनगरची आजी दुबईतल्या बहिणीला साई भाजीत सुवा कधी घालावा हे चार मिनिटांच्या संदेशात सांगते, त्यात मध्येच कामवालीशी मराठीत बोलते, नातवावर हिंदीत ओरडते, आणि परत सिंधीत येते. भट्टीवर गेलेला कातकरी तरुण पाड्यावर राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्याच रीतीने निरोप धाडतो. अशा संदेशांचा ढीग जमवता आला तर तो कोणत्याही संशोधकाला हवाहवासा ध्वनिसंग्रह ठरेल. अडचण इतकीच की त्यातला अर्धा मजकूर सुनांविषयी असल्याने तो प्रसिद्ध करण्यास कोणीही परवानगी देणार नाही.

सिंधीचा खरा दाब अजून टिकून आहे तो बाजारात. उल्हासनगरच्या फर्निचरच्या आणि कापडाच्या दुकानांत गिऱ्हाईक समोर बसलेले असताना मालाची खरेदीची किंमत, खाली उतरण्याची मर्यादा आणि गिऱ्हाइकाच्या एकूण ऐपतीचा अंदाज या तीन गोष्टी शेठ आणि त्यांचा मुलगा यांच्यात सिंधीतूनच ठरतात. ज्या मुलाने घरी आजीच्या चार विनंत्यांना भीक घातली नाही तो गल्ल्यावर बसल्यापासून वर्षभरात आकडे, विशेषणे आणि काही म्हणी सफाईने बोलू लागतो, कारण इथे एक शब्द चुकला तर पाचशे रुपयांचा फरक पडतो, आणि साखळी तुटण्यापेक्षा ही शिक्षा फारच परिणामकारक असते. भाषाप्रेमींनी या घटनेकडे पाहून हरखून जावे, तर तंत्रज्ञान तिथेही आडवे येऊ पाहते. बदलापूरहून सोफा घ्यायला आलेले एखादे नवे जोडपे आजकाल फोन टेबलावर ठेवते आणि त्यावर बोललेल्या वाक्याचा अनुवाद दाखवणारे ॲप हळूच चालू करते. यंत्र कान टवकारते, कराचीच्या दैनिकांत शिकलेली आपली सगळी विद्या पणाला लावते, आणि हिंदी-मराठी मिसळलेल्या त्या उल्हासनगरी सिंधीचा जो अनुवाद पडद्यावर आणते तो वाचून जोडप्याला सोफ्याऐवजी शेठच्या मुलाची काळजी वाटू लागते. शेठ हे सर्व चष्म्यावरून पाहत असतात. ते तीन चहा मागवतात, मुलाशी बोलणे थांबवतात, गल्ल्यातून जुना कॅल्क्युलेटर काढून त्यावर एक आकडा दाबतात, आणि तो गिऱ्हाइकाकडे फिरवतात; गिऱ्हाईक तो पुसून दुसरा आकडा दाबते.